आज सातपुडा दिसतो का?



शेगावहून पूर्णा नदी ओलांडून उत्तरेस निघाले की संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव लागते. दोन्ही अंगांना कपाशीची, तुरीची काळी शेते आणि समोर उत्तरेच्या क्षितिजावर सातपुड्याची निळसर रांग. या परिसरात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा डोंगर घरातल्या माणसासारखा परिचित आहे. पावसाळा सरल्यावर एखाद्या लख्ख सकाळी तो इतका जवळ भासतो की त्यावरील घळी मोजाव्यात. पौष-माघात मात्र कित्येक सकाळी तो दिसतच नाही. ‘धुई पडली’ असे म्हणून आपण तो विषय तेथेच सोडतो आणि तुरीचा फुलोरा गळेल की काय, या चिंतेला लागतो.

परंतु एक गोष्ट पडताळून पाहा. धुई ही पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांची असते. ऊन वर आले की ती विरते. दहा-अकरा वाजून गेल्यावर, हवा कोरडी झाल्यावरही डोंगर पुसटच राहिला, तर आपल्या व त्याच्यामध्ये पाण्यावाचून आणखी काहीतरी आहे, असे समजावे. ते ‘काहीतरी’ म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण. शास्त्रज्ञ त्यांना एरोसॉल म्हणतात. हे कण आपल्या छातीत काय करतात, हे या स्तंभाच्या वाचकांना थोडेफार ठाऊक आहे. ते आकाशात काय करतात आणि त्याचा आपल्या उन्हाळ्याशी काय संबंध, हे आज पाहू. घरात दमेकरी किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर हा विषय आपल्या उंबरठ्याच्या आतलाच आहे.

कण कुठून येतात?

काही कण निसर्गाचे आहेत: उन्हाळी वावटळीची धूळ, समुद्रावरून येणारे मिठाचे कण, वणव्याचा धूर. काही आपले आहेत. चुलीतील पऱ्हाटीचा धूर, शेताचे धुरे जाळल्याचा धूर, डिझेलची काजळी, कोळशाच्या ज्वलनातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे कण, ही त्यांतील प्रमुख. यांपैकी ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो, ते आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. त्यावरून या कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. नाकातील केस आणि घशातील चिकट स्राव यांना ते दाद देत नाहीत. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तेथे दाह निर्माण करतात आणि त्या दाहाचे परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. म्हणूनच धुरकट दिवसांत केवळ खोकला वाढत नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. वय वाढते तशी श्वासनलिका स्वच्छ करण्याची शरीराची शक्ती मंदावते आणि रक्तवाहिन्यांची लवचिकता घटते. त्यामुळे तीच हवा नातवाला केवळ शिंक आणते, तर आजोबांना अंथरुणाला खिळवते.

एका मोजणीने निदान होत नाही

रक्तदाब एकदाच मोजून कोणताही जाणता डॉक्टर आयुष्यभराची गोळी सुरू करीत नाही. ‘आठ दिवस, ठरावीक वेळी मोजा आणि वहीत लिहून आणा,’ असे तो सांगतो. हवेचेही तसेच आहे. एका दिवशी वारा पडला म्हणून धूर साचतो, दुसऱ्या दिवशी पाऊस येऊन सारे धुऊन नेतो. हवा खरोखर बिघडत आहे की केवळ आजचा दिवस वाईट आहे, हे कळण्यासाठी वर्षानुवर्षे, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने नोंद ठेवावी लागते.

अशी वही महाराष्ट्रात दीर्घकाळ लिहिली जात आहे. जागतिक हवामान संघटनेच्या कार्यक्रमांतर्गत भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९७० च्या दशकापासून देशात दहा केंद्रे उभारली. त्यांत पुणे आणि आपल्या विदर्भातील नागपूर यांचा समावेश आहे. पावसाच्या पाण्यात काय काय विरघळून येते आणि वातावरण किती गढूळ आहे, हे तेथे तपासले जाते. गढूळपणा मोजण्याची युक्ती सोपी आहे. वातावरणाच्या बाहेर सूर्यप्रकाश किती प्रखर असतो, हे ठाऊक आहे. जमिनीवरून सूर्याकडे रोखलेल्या यंत्रात त्यातला किती पोहोचला, हे मोजायचे. हवेतील वायूंचा वाटा वजा केला की जी तूट उरते, ती कणांनी अडवलेल्या प्रकाशाची.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत १९८६ पासून दुसरी रीत वापरात आली. रात्रीच्या आकाशात लेसरचा किरण सोडायचा आणि कणांवर आदळून परत येणारा मंद प्रकाश टिपायचा. यंत्राचे नाव लिडार. त्यामुळे कोणत्या उंचीवर किती कण आहेत, हे समजते. डॉ. पी. सी. एस. देवरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा निरीक्षणांची वर्षानुवर्षे सलग नोंद ठेवली. याच संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी उंचावरील प्रयोगशाळा सुरू केली. तेथे ढग खिडकीशी येतो, म्हणून त्यातील थेंब आणि कण जागेवरच मोजता येतात.

इस्रोनेही १९८० च्या दशकापासून देशभर अशा निरीक्षण केंद्रांचे जाळे विणले. त्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतावरील हवेचा गढूळपणा १९८५ च्या पातळीच्या तुलनेत दरवर्षी सरासरी २.३ टक्क्यांनी वाढत आल्याचे त्यात आढळले. ही वाढ डिसेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांत सातत्याने दिसली. पावसाळ्यात तशी दिसली नाही. म्हणजे हिवाळ्यात सातपुडा पुसट होत चालल्याची जी जाणीव जुन्या माणसांना होते, ती नुसता मोतीबिंदूचा दोष मानून हसण्यावारी नेण्याजोगी नाही. यंत्रांची वहीही तेच सांगते.

धुराची सावली

आता या कणांचे दुसरे काम. सल्फेटसारखे फिकट कण सूर्यप्रकाश उलट अवकाशाकडे परतवतात. जमिनीपर्यंत ऊन कमी पोहोचते आणि खालची हवा थोडी थंड राहते. काजळीचे काळे कण मात्र ऊन शोषून घेतात. त्याने जमिनीला सावली मिळते, पण वरची हवा तापते. शिवाय ढगातील प्रत्येक थेंब कोणत्या ना कोणत्या कणाभोवतीच तयार होतो. कण फार झाले की तेवढेच पाणी अधिक थेंबांत वाटले जाते आणि थेंब लहान राहतात. असा ढग अधिक पांढरा दिसतो, अधिक ऊन परतवतो आणि पुष्कळदा बरसायला उशीर लावतो. पावसावर पोट असलेल्या तालुक्याला याचे मोल सांगायला नको.

कण पृथ्वीला थंड करतात, याचा ठळक पुरावा निसर्गानेच दिला. फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा १५ जून १९९१ रोजी प्रचंड उद्रेक झाला. सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात गेला, त्याचे सल्फेट कण झाले आणि ते पृथ्वीभर पसरले. पुढच्या वर्षभरात जगाचे सरासरी तापमान अंदाजे अर्ध्या अंशाने उतरले. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील लिडारने तो थर आपल्या आकाशात पाहिला आणि तो हळूहळू विरत गेल्याची नोंद केली. कण खाली बसले. उष्णता परत आली.

आपल्या धुराचेही असेच आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निवडक केंद्रांवरील १९७१ पासूनच्या नोंदी तपासल्या तेव्हा, विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जमिनीवर पोहोचणारे ऊन घटत गेल्याचे दिसले. एकीकडे कार्बन डायऑक्साइडचे पांघरूण जाड होत होते, दुसरीकडे कणांची सावली पडत होती. हवामान बदलाच्या आंतरशासकीय मंडळाने २०२१ च्या अहवालात याचा हिशेब मांडला आहे. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत पृथ्वी सुमारे १.१ अंश सेल्सिअसने तापली आहे. एकट्या हरितगृह वायूंमुळे ती १ ते २ अंशांनी तापली असती. प्रामुख्याने कणांमुळे शून्य ते ०.८ अंशांची थंडाई मिळाली. शून्य ते ०.८ हे अंतर किती मोठे आहे, ते लक्षात घ्या. सावली नेमकी किती दाट, हे अजून काटेकोरपणे सांगता येत नाही. दीर्घकालीन मोजणी थांबवता येत नाही, ती याच कारणाने.

येथे वाचकांच्या मनात एक रास्त प्रश्न येईल. धुराने थंडावा मिळतो, तर धूर राहू द्यावा का? उत्तर वैद्यकात आहे. तापाच्या रुग्णाला तापाची गोळी दिली की अंग थंड पडते. म्हणून आतला जंतुसंसर्ग बरा होत नाही. त्यातही ही गोळी स्वतःच फुप्फुस जाळणारी आहे. शिवाय दोहोंच्या आयुष्यात फार तफावत आहे. आपल्या भोवतालचे कण हवेत सुमारे आठवडाभर टिकतात. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम शतकानुशतके राहतो. धुराची सावली रोज नव्याने विकत घ्यावी लागते आणि तिचे मोल घरातले सर्वांत अशक्त माणूस श्वासाने चुकवते.

कण किती लवकर जातात, हे आपण पाहिलेही आहे. मार्च २०२० मध्ये देश टाळेबंदीत गेला आणि काही दिवसांतच पंजाबातील जालंधरकरांना घरांच्या गच्चीवरून हिमालयाची धौलाधार रांग दिसू लागली. कित्येक तरुणांनी ती तेथून प्रथमच पाहिली. डोंगर तेथेच होता. मधली हवा स्वच्छ झाली होती.

या साऱ्याचा आपल्यासाठी अर्थ असा की दोन तयाऱ्या एकाच वेळी कराव्या लागतील. हवा स्वच्छ व्हायलाच हवी. तिचा लाभ आजच्या आज, आपल्याच छातीला मिळतो. पण जसजशी सावली विरळ होईल, तसतशी तिच्याखाली दडलेली उष्णता अधिक जाणवेल. म्हणून घराने हिवाळ्यात धुरासाठी आणि उन्हाळ्यात झळांसाठी सज्ज असावे.

हिवाळ्यातील काळजी

थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार व जड असते आणि वरची तुलनेने उबदार. जणू झाकण पडते आणि चुलींचा, शेकोट्यांचा धूर खालीच कोंडतो. म्हणून हिवाळ्यात पाचला उठून फिरायला जाण्याचा नियम दमेकऱ्यांनी आणि हृदयरुग्णांनी बाजूला ठेवावा. ऊन चांगले वर येऊन हवा हलू लागली की निघावे. डोंगर दिसू लागला की फिरायला जावे, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

शेकोटीभोवती बसणे ही गावाची जिव्हाळ्याची रीत आहे. परंतु श्वासाचा विकार असलेल्यांनी धुरापासून दूर बसावे, त्याऐवजी घोंगडी व कानटोपी घ्यावी. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे तर सर्वांसाठीच प्राणघातक ठरू शकते. ज्या माउलीने चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी धरली, तिचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडून देऊ नये. बिडीला कधी हात न लावलेल्या स्त्रियांनाही चुलीच्या धुराने फुप्फुसाचा दीर्घकालीन अडथळ्याचा विकार होतो. एकदा श्वासाची तपासणी करून घ्यावी. घरात गॅस असूनही पाणी तापवायला पऱ्हाटीची चूल पेटत असेल, तर ती निदान ओसरीपासून दूर, उघड्यावर असावी. डासांच्या अगरबत्तीपेक्षा मच्छरदाणी बरी. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. उपरण्याने किंवा रुमालाने जाड धूळ अडते, सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ मुखपट्टी लागते. मात्र ज्यांना आधीच धाप लागते, त्यांनी ती डॉक्टरांना विचारून वापरावी. इन्हेलर ‘आता बरे वाटते’ म्हणून मनाने बंद करू नये. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयीही डॉक्टरांशी बोलावे.

उन्हाळ्यातील काळजी

आपल्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. वृद्धांना घाम कमी येतो आणि तहानेची जाणीवही मंद झालेली असते. म्हणून ‘पाणी हवे का?’ असे विचारण्यापेक्षा पेला हातात द्यावा. येथे एक सावधगिरी हवी. खारपाणपट्ट्यातील आपल्या गावांत मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण आहेत. त्यांनी, तसेच हृदय कमकुवत असलेल्यांनी, दिवसाला किती पाणी घ्यावे आणि क्षारसंजीवनी घ्यावी की नाही, हे उन्हाळा लागण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी वाढवणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा उन्हाळ्यात बदलावी लागू शकते. तो निर्णय घरी घेऊ नये. फिरण्याची वेळ आता उलटते: हिवाळ्यात ऊन वर आल्यावर, उन्हाळ्यात ऊन चढण्यापूर्वी.

बोलताना एक वाक्यही पूर्ण होत नसेल, ओठ निळसर झाले असतील, छातीत दुखत असेल किंवा उन्हातून आल्यावर माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर १०८ क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा.

धुऱ्यावरची गोष्ट

कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या उपटून पेटवण्यामागे शेतकऱ्याचे कारण असते. गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात येऊ नये, यासाठी शेत लवकर मोकळे करावे, असे कृषी खातेही सांगते. मात्र शेत मोकळे करणे आणि पेटवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्राने पऱ्हाटीची कुट्टी करून ती जमिनीत गाडली किंवा तिचे खत केले, तर अळीचा आसराही मोडतो आणि काळ्या जमिनीला सेंद्रिय अंशही मिळतो. हे सांगण्याचा अधिकार घरातील वडीलधाऱ्यांइतका दुसऱ्या कुणाला नाही. ‘माझ्या छातीसाठी एवढे कर,’ हे आजोबांचे वाक्य अनेक पत्रकांपेक्षा वजनदार ठरते.

आपली वही

भारतात अडीच मायक्रॉन कणांची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर चोवीस तासांची ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे ५ आणि १५ आहेत. हे आकडे मोजणारे यंत्र प्रत्येक गावात नसते. पण हवामान केंद्रांवरील निरीक्षकही दृश्यता ठरवताना ज्ञात अंतरावरच्या खुणा पाहतात. टेकडी, मनोरा, झाड दिसते की नाही, ते लिहितात. आपल्याकडे तर अख्खा सातपुडा आहे.

एक साधी वही घ्यावी. रोज सकाळी अकरा वाजता, गच्चीवरून किंवा गावाबाहेरच्या एका ठरलेल्या जागेवरून उत्तरेकडे पाहावे आणि तारखेपुढे एकच शब्द लिहावा: स्पष्ट, पुसट किंवा अदृश्य. त्याच ओळीत रात्रीचा खोकला, इन्हेलर किती वेळा लागले आणि घरी यंत्रे असतील तर रक्तदाब व बोटावरच्या यंत्रातील प्राणवायूचा आकडा नोंदवावा. कुठे काही जळत असेल, तर तेही लिहावे. जागा आणि वेळ बदलू नये. आजोबांनी पाहावे आणि नातवंडाने लिहावे. दोघांचेही पाच मिनिटे बोलणे होईल.

पंधरा दिवसांत यातून फार काही कळणार नाही. दोन-तीन महिन्यांत मात्र ‘डोंगर अदृश्य असला की दुसऱ्या रात्री धाप वाढते’ अशी एखादी ओळ आपली आपणच वाचता येईल. आपला नेहमीचा आकडा कोणता आणि तो कधी ढळतो, हे ठाऊक असलेला रुग्ण डॉक्टरांचे निम्मे काम हलके करतो. पुढील भेटीत औषधांच्या पिशवीसोबत ही वहीही न्यावी.

पुण्या-नागपुरात दशकानुदशके चाललेली मोजणी आणि आपल्या ओसरीवरची ही वही यांत यंत्रांचा फरक आहे, रीत एकच आहे. उद्या सकाळी अकराला पहिली ओळ लिहावी.